विज्ञानकथा मालिकांतील वांशिक वैविध्य: रंग दिसावा, पण त्याने बोलू नये?

अनुस्वार (धागाकर्ता)

गेल्या काही आठवड्यांत 'स्टार ट्रेक' या अवकाशयानावरच्या अमेरिकी मालिकेची १९६६ ते १९६९ या काळातली मूळ आवृत्ती पुन्हा सलग पाहिली आणि पहिल्यांदा पाहताना जे जाणवले नव्हते ते या वेळी सतत खटकत राहिले. यानाच्या संचालन कक्षात आफ्रिकी वंशाची उहुरा संदेशवहन सांभाळते, आशियाई वंशाचा सुलू सुकाणूवर असतो आणि दुसऱ्या पर्वापासून, म्हणजे शीतयुद्ध ऐन भरात असताना, रशियन चेकॉव्ह त्याच्या शेजारी येऊन बसतो. त्या काळच्या अमेरिकी दूरचित्रवाणीवर हे दृश्य धाडसाचे होते, याविषयी वाद नसावा. परंतु ही माणसे कोणाची, कोणत्या घरांतून आली, पूर्वजांचे काय ओझे किंवा काय अभिमान सोबत घेऊन आली, हे मालिका जवळजवळ सांगतच नाही.

तिसऱ्या पर्वातल्या एका भागात अब्राहम लिंकनची प्रतिमा यानावर येते. तो उहुराला पाहून त्याच्या काळातला एक शब्द वापरतो आणि लगेच क्षमा मागतो. त्यावर ती शांतपणे सांगते की आमच्या शतकात आम्ही शब्दांना न घाबरायला शिकलो आहोत. या उत्तराचे दोन अर्थ मला लागतात. एक असा की भेदभाव इतका पूर्णपणे संपला आहे की तो शब्द निव्वळ जुन्या नाण्यासारखा झाला आहे. दुसरा असा की लेखकांना तो विषय नको होता, म्हणून त्यांनी तो एका वाक्यात मिटवला.

माझा प्रश्न असा: भविष्यात वंशभेद उरलेला नाही असे मानणाऱ्या मालिकेत पात्राचा वंश केवळ दिसावा, की त्याने कथेत बोलावेही? तो बोलला तर भेद संपला नाही असे ठरते, आणि बोलला नाही तर तो नुसता रंगकाम केल्यासारखा वाटतो.

---

रातकिडा

आधी मला कोणीतरी हे सांगावे की विश्वातल्या प्रत्येक ग्रहावर लोक इतके अस्खलित इंग्रजी कसे बोलतात. वंशाचा प्रश्न आपण त्यानंतर घेऊ.

---

ओंजळ

रातकिडा, त्यासाठी भाषांतरयंत्र असते, तेव्हा धागा भरकटवू नये. :)

अनुस्वार, तुमचा प्रश्न योग्य आहे, परंतु तुम्ही १९६६ला आजच्या खिडकीतून पाहत आहात असे मला वाटते. ज्या वर्षी ही मालिका सुरू झाली त्या वर्षी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत भिन्नवंशीय विवाह कायद्याने गुन्हा होता आणि त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले ते जून १९६७मध्ये. नोव्हेंबर १९६८मध्ये यानाचा गोरा कप्तान कर्क आणि उहुरा यांच्या चुंबनाचा प्रसंग प्रक्षेपित झाला, तोही परग्रहवासी त्यांच्यावर मनःशक्तीने बळजबरी करतात अशी पळवाट ठेवून. जिथे एवढेच दाखवायला पळवाट लागत होती, तिथे उहुराच्या पणजीची कथा कोण लिहू देणार होते?

उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी अनेकदा सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. पहिल्या पर्वानंतर त्या मालिका सोडून रंगभूमीकडे वळणार होत्या, तेव्हा एका समारंभात मार्टिन ल्यूथर किंग त्यांना भेटले आणि त्यांनी सोडू नका असे बजावले. किंग यांना उहुराच्या भूमिकेत जे दिसले ते संवादांत नव्हते, त्या खुर्चीत होते. पुढे १९७७पासून निकोल्स यांनी नासासाठी महिला आणि अल्पसंख्याक उमेदवारांना आवाहन करणारी मोहीम चालवली आणि १९७८च्या तुकडीत निवडलेल्या ३५ जणांत ६ स्त्रिया, ३ कृष्णवर्णीय पुरुष आणि १ आशियाई वंशाचा पुरुष होता. अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, मे जेमिसन (१९९२), यांनी उहुरापासून प्रेरणा घेतल्याचे सांगितले आहे आणि दुसऱ्याच वर्षी त्या 'द नेक्स्ट जनरेशन' या 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिकेच्या एका भागात स्वतः दिसल्या. रंगकाम म्हणताना हे विसरून चालणार नाही.

---

उलटतपासणी

माझे मत वेगळे आहे आणि ते लोकप्रिय होणार नाही याची मला कल्पना आहे. मी विज्ञानकथा पाहतो ती कल्पनेसाठी. कोणत्या खुर्चीत कोणत्या वंशाचा माणूस बसला आहे याची मोजदाद सुरू झाली की कथा ही जनगणनेची तक्ता-वही होते. अलीकडच्या कित्येक मालिकांत पात्रे निवडताना प्रत्येक खंडातून एक नमुना घेतल्यासारखे वाटते, आणि त्या नमुन्यांना बोलायला काही दिलेले नसते. अनुस्वार यांच्या 'रंगकाम' या शब्दाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त माझ्या मते त्यावरचा उपाय मोजणे थांबवणे हा आहे.

---

नीलमेघ

उलटतपासणी, पूर्वी मोजदाद नव्हती तेव्हा काय होत होते ते आठवून पाहावे. सुलू या नावाविषयी ती भूमिका करणारे जॉर्ज टकाई सांगत आले आहेत की निर्मात्याला कोणत्याही एका देशाचे नसलेले, अख्ख्या आशियासाठी चालेल असे नाव हवे होते, म्हणून त्याने नकाशावर पाहून सुलू समुद्राचे नाव उचलले. ज्या टकाईंचे बालपण दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांसाठी उभारलेल्या बंदी छावण्यांत गेले, त्यांना पडद्यावर एका समुद्राचे नाव मिळाले! त्याचे पहिले नाव, हिकारू, पडद्यावर उच्चारले गेले ते १९९१च्या चित्रपटात, आणि उहुराचे न्योटा हे नाव तर थेट २००९मध्ये. कर्कच्या नावाची मधली अक्षरे मात्र सर्वांना पाठ.

---

ओंजळ

हे मान्य करावे लागेल. नाव नसणे ही बारीकशी गोष्ट वाटते, पण ती बारीक नाही.

---

चौकस

नावांवरून 'स्टार ट्रेक'मधला खलनायक खान नूनियन सिंग आठवला. १९६७च्या भागात त्याच्याविषयी स्पष्ट म्हटले आहे की तो बहुधा उत्तर भारतातला शीख असावा. भूमिका केली रिकार्दो मोंताल्बान या मेक्सिकन अभिनेत्याने, तेही चेहऱ्यावर गडद रंग चढवून. मोंताल्बान यांचा अभिनय इतका भारदस्त होता की १९८२च्या चित्रपटात त्याच खलनायकाला परत आणावे लागले. मग २०१३मध्ये तीच भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या इंग्रज अभिनेत्याला दिली गेली. म्हणजे ४६ वर्षांत हे पात्र भारतापासून जवळ येण्याऐवजी आणखी लांब गेले.

गंमत अशी की याच विश्वातल्या पहिल्या चित्रपटात (१९७९) पर्सिस खंबाटा ही खरीखुरी भारतीय अभिनेत्री होती, आणि तिला भूमिका मिळाली ती परग्रहवासी इलियाची, डोक्यावरचे सगळे केस काढून. भारतीय पात्राला मेक्सिकन अभिनेता, भारतीय अभिनेत्रीला परका ग्रह.

---

रातकिडा

याला म्हणतात वैश्विक दृष्टिकोन.

---

प्रकाशवर्ष

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे उत्तर 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) या अवकाशस्थानकावर घडणाऱ्या 'स्टार ट्रेक' मालिकेने दिले आहे असे माझे जुने मत आहे. बेंजामिन सिस्को हा तिथला नायक. एव्हरी ब्रुक्स यांनी तो केला. त्याच्या वडिलांचे न्यू ऑर्लिन्सला उपाहारगृह आहे, तो स्वतः आवडीने स्वयंपाक करतो, त्याच्या खोलीत आफ्रिकी कलावस्तू असतात आणि मुलाला एकट्याने वाढवणारा बाप म्हणून तो आपल्याला भेटतो. हे सगळे कोणी भाषण न देता घडते. म्हणजे रंग दिसतो आणि त्याला घरही आहे.

पण दोन भाग असे आहेत जिथे तो रंग बोलतो. पहिला १९९८चा. त्यात सिस्कोला स्वतः १९५०च्या दशकातला बेनी रसेल नावाचा विज्ञानकथा लेखक असल्याचे भास होतात. बेनी एका अवकाशस्थानकाची कथा लिहितो, तिचा प्रमुख कृष्णवर्णीय असतो, आणि नेमक्या त्याच कारणाने ती छापली जात नाही. दिग्दर्शनही ब्रुक्स यांचेच. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती, कारण सॅम्युअल डिलेनी या लेखकाने लिहून ठेवले आहे की १९६०च्या दशकात त्याची कादंबरी एका नामांकित संपादकाने नाकारली, ती कृष्णवर्णीय नायकाशी वाचक एकरूप होणार नाहीत असे सांगून.

दुसरा भाग १९९९चा आणि तो माझ्या मते अधिक महत्त्वाचा, जरी तो वरवर निव्वळ जुगारगृह लुटण्याची हलकीफुलकी गोष्ट आहे. स्थानकावर १९६२च्या लास व्हेगसची एक आभासी नकल आहे, सगळे सहकारी तिथे रमतात, सिस्को मात्र जात नाही. प्रेयसी कॅसिडी खोदून विचारते तेव्हा तो सांगतो की त्या काळात आपल्या लोकांना तिथे गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता, गायक किंवा सफाईवाला म्हणूनच होता; मग ते खोटे चित्र गोड मानून मी तिथे का बसू? ती उत्तर देते की ही जागा तेव्हा कशी होती हे दाखवण्यासाठी नाही, कशी असायला हवी होती हे दाखवण्यासाठी आहे. अनुस्वार, तुमचा प्रश्न म्हणजे या दोघांचेच भांडण आहे. मूळ मालिका कॅसिडीच्या बाजूची, आणि सिस्को त्या मालिकेलाच जणू विचारतो आहे की मधली ३०० वर्षे कुठे गेली.

---

अनुस्वार

प्रकाशवर्ष, हा भाग मी चोरीची गंमत म्हणून पाहून विसरलो होतो. पुन्हा पाहतो.

---

शाल्मली

त्याच मालिकेच्या शेवटाची एक गोष्ट जोडते. अंतिम भागात सिस्को देवदूतसदृश परग्रहवासींसोबत निघून जातो आणि कॅसिडी, तोवर त्याची पत्नी झालेली, तेव्हा गरोदर असते. चित्रीकरण झाल्यावर ब्रुक्स यांनी लेखकांना सांगितले की कृष्णवर्णीय पुरुष गरोदर पत्नीला सोडून जातो हे चित्र त्यांना सलते आहे. त्यानंतर तो प्रसंग बदलून पुन्हा चित्रित झाला आणि सिस्को 'मी परत येईन' असे वचन देऊन जातो. कथेच्या तर्कात पहिला शेवटही चुकीचा नव्हता. पण पडद्यावरचा बाप आणि पडद्याबाहेरचा साचा यांची भेट कशी होते, हे त्या गोऱ्या लेखकांना दिसले नव्हते, अभिनेत्याला दिसले. उलटतपासणी, तुम्ही ज्याला मोजदाद म्हणता त्याचा एक उपयोग हाही आहे की खोलीत असे म्हणणारे कोणीतरी असते.

---

उलटतपासणी

शाल्मली, हे उदाहरण चांगले आहे आणि मी ते नाकारत नाही. परंतु ते माझ्याच बाजूने जाते असेही म्हणता येईल: सिस्को हे पात्र भरीव होते, म्हणून अभिनेत्याला भांडण्यासाठी काही होते. 'व्हॉयेजर' या नंतरच्या 'स्टार ट्रेक' मालिकेतला हॅरी किम पाहा. आशियाई वंशाचा अधिकारी म्हणून तो ७ पर्वे तिथे आहे आणि ७ पर्वे त्याच कनिष्ठ पदावर आहे. मोजणाऱ्याच्या वहीत त्याची नोंद अगदी व्यवस्थित झाली असेल.

---

रातकिडा

सात वर्षे बढती नाही, बदली मात्र ७० हजार प्रकाशवर्षांवर. कोणत्याही कचेरीत असला माणूस संपावर गेला असता.

---

नीलमेघ

'व्हॉयेजर'चा विषय निघालाच आहे तर चाकोटेविषयी बोलायला हवे. अमेरिकेतल्या मूलनिवासी वंशाचा एक मुख्य अधिकारी दाखवायचा हा हेतू चांगला होता आणि त्यासाठी सल्लागारही नेमला. तो सल्लागार जमाके हायवॉटर. त्याने आपल्या मूलनिवासी वंशाविषयी सांगितलेली माहिती खोटी असल्याचे मालिका सुरू होण्याच्या सुमारे दहा वर्षे आधीच उघड झाले होते. परिणाम व्हायचा तोच झाला: चाकोटे कोणत्याच खऱ्या जमातीचा वाटत नाही, कुठल्याही समूहाच्या श्रद्धा, कुठलेही विधी एकत्र करून शिजवलेला वाटतो. इथे वंश बोलतो, पण जे बोलतो ते कोणाचेच नसते. तेव्हा अनुस्वार, 'दिसावा की बोलावा' याच्या पुढे 'कोणी लिहिलेले बोलावे' हा प्रश्न आहे.

---

मधली सुट्टी

मी या चर्चेत केवळ वाचक होतो, पण 'फायरफ्लाय'चे (२००२) नाव कोणी घेतले नाही म्हणून लिहितो. त्या मालिकेचे गृहीतकच असे की भविष्यातली मानवी संस्कृती अमेरिका आणि चीन यांच्या मिश्रणातून घडली आहे. पात्रे मंदारिनमध्ये शिव्या देतात, पाट्या चिनी लिपीत असतात, दोन मुख्य पात्रांचे आडनावही टॅम आहे. आणि यानावरच्या नऊ मुख्य पात्रांत चिनी वंशाचा माणूस एकही नाही. भाषा उरली, लिपी उरली, माणसे कुठे गेली हे कोणी विचारत नाही. मला ही मालिका अतिशय प्रिय आहे, म्हणूनच हे लिहिताना त्रास होतो.

---

चौकस

हे म्हणजे घर सजवायला सामान घेतले आणि घरमालकालाच आत येऊ दिले नाही.

---

शब्दवेध

मला वैविध्याच्या दुसऱ्या टोकाकडे लक्ष वेधायचे आहे, कारण नुकतेच एक नवे उदाहरण आले आहे. 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' या चिनी कादंबरीवर दोन मालिका झाल्या: चिनी भाषेतली २०२३मध्ये आणि इंग्रजीतली २०२४मध्ये. मूळ कादंबरीतले शास्त्रज्ञ जवळजवळ सगळे चिनी आहेत. इंग्रजी मालिकेने सांस्कृतिक क्रांतीतला भयंकर आरंभ चीनमध्ये आणि चिनी भाषेत ठेवला, परंतु वर्तमानातली कथा इंग्लंडला नेऊन एका शास्त्रज्ञाचे काम निरनिराळ्या वंशांच्या पाच मित्रमैत्रिणींत वाटून दिले. डोकी मोजली तर ही मालिका चिनी मालिकेपेक्षा कितीतरी वैविध्यपूर्ण ठरते. तरीही मला वाटले की या वाटणीत काहीतरी हरवले. मानवजातीचे भवितव्य ज्यांच्या हाती आहे ते लोक चिनीच का, असे चिनी मालिकेत कोणी विचारत नाही, जसे अमेरिकी मालिकेत अध्यक्षच पृथ्वीच्या वतीने का बोलतो असे आपण कधी विचारत नाही. तो सहजपणा हेही प्रतिनिधित्वच होते.

उलटपक्षी 'फाउंडेशन' मालिकेत (२०२१) गाल डॉर्निक आणि साल्व्हर हार्डिन ही मुळात पुरुष असलेली पात्रे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रूपात आली, तेव्हा मला काहीही हरवल्यासारखे वाटले नाही. असिमॉव्हच्या पुस्तकात ती माणसे म्हणजे बहुतांशी एकमेकांशी वाद घालणारे आवाज आहेत. त्यांना शरीर मालिकेनेच दिले. एकाच कृतीचे दोन ठिकाणी दोन परिणाम होतात. जिथे मुळात जागा नव्हती तिथे ती निर्माण झाली, आणि जिथे भरलेली जागा होती तिथे ती पातळ झाली.

---

उलटतपासणी

शब्दवेध, हा फरक मला पटला. मी दोन्ही बदलांना एकाच काठीने हाकत होतो.

---

ओंजळ

'डॉक्टर हू' या ब्रिटिश कालप्रवासाच्या मालिकेविषयी थोडे. नोव्हेंबर १९६३मध्ये या मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित केली ती लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी, आणि निर्माती होती व्हेरिटी लॅम्बर्ट ही तरुण स्त्री. म्हणजे कॅमेऱ्यामागे वैविध्य पहिल्या दिवसापासून होते. तरीही १९७७च्या एका कथेत चिनी जादूगाराची भूमिका गोऱ्या अभिनेत्याने डोळ्यांची रंगभूषा करून केली. दक्षिण आशियाई वंशाच्या कुटुंबाची आतली कथा यायला २०१८ उजाडावे लागले. डॉक्टरची सहप्रवासी यास्मिन खान आपल्या आजीचा भूतकाळ पाहायला १९४७च्या पंजाबात जाते तो भाग विनय पटेल यांनी लिहिला. त्यात परग्रहवासी आहेत, पण मारेकरी ते नाहीत. मारतो तो घरचाच भाऊ. फाळणीचा दोष राक्षसांवर ढकलायची सोपी वाट समोर होती आणि लेखकाने ती घेतली नाही. माझ्या मते नीलमेघ यांच्या 'कोणी लिहिलेले' या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

---

प्रकाशवर्ष

परग्रहवासींवरून मूळ प्रश्नाला आणखी एक फाटा फुटतो. या मालिकांनी मानवांतले भेद संपवले आणि तेच भेद ग्रहांवर नेऊन ठेवले. १९६७च्या 'स्टार ट्रेक'मधले क्लिंगॉन हे परग्रहवासी म्हणजे गोऱ्या अभिनेत्यांना तपकिरी रंग फासून केलेले शत्रू होते. 'द नेक्स्ट जनरेशन'मध्ये मायकल डॉर्न यांनी वॉर्फ या क्लिंगॉनला प्रतिष्ठा दिली हे खरे, परंतु एक कृष्णवर्णीय अभिनेता सात वर्षे कपाळावर उंचवटे लावून रागीट योद्धा जातीचा प्रतिनिधी राहिला हेही खरे. माणूस उदार आणि अमुक जात लोभी, तमुक जात भांडखोर असे बिनदिक्कत बोलता येते, कारण ती 'जात' काल्पनिक आहे. सवय मात्र खरी असते.

म्हणून मला 'द एक्स्पान्स' (२०१५ ते २०२२) आवडते. तिथे परग्रहवासींपेक्षा माणसांतले भेद महत्त्वाचे आहेत, आणि ते नवे आहेत: पृथ्वीवासी, मंगळवासी आणि लघुग्रहांच्या पट्ट्यातले बेल्टर. कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्याने बेल्टरांची हाडे लांब व ठिसूळ, आणि भाषा अनेक भाषांच्या मिश्रणातून बनलेली, जी निक फार्मर या भाषातज्ज्ञाने मालिकेसाठी घडवली. जुने वंश सगळीकडे मिसळलेले आहेत, कोणी त्यांच्यावरून कोणाचा द्वेष करत नाही, पण द्वेष संपलेला नाही, त्याने पत्ता बदलला आहे. अॅलेक्स कमाल हा भारतीय वंशाचा मंगळवासी टेक्सासच्या हेलात बोलतो, कारण मंगळावरच्या त्याच्या दरीत भारतीय, चिनी आणि टेक्सासचे लोक एकत्र वसले. इथे रंग दिसतो, इतिहास बोलतो, आणि तरीही तो आजचा इतिहास नसतो.

---

चौकस

पूर्ण सहमत, फक्त एक टाचणी: अॅलेक्स कमाल करणारे कॅस अॅन्व्हर इराणी वंशाचे, आणि साडी नेसून संयुक्त राष्ट्रे हाकणारी क्रिसजेन अवसरला करणाऱ्या शोहरे अघदाश्लू यांचा जन्म तेहरानचा. अवसरला मला इतकी आवडते की मी तक्रार करणार नाही, पण खानपासून सुरू झालेली परंपरा अखंड आहे, एवढी नोंद असावी.

---

रातकिडा

अवसरला ज्या शिव्या देते त्यावरून ती कोणत्याही देशाची असू शकते.

---

अनुस्वार

सर्वांचे आभार. मी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात दोनच पर्याय होते आणि ते दोन्ही मला आता अपुरे वाटतात. लिंकनच्या प्रसंगाचा माझा आक्षेपही थोडा बदलला. उहुराचे वाक्य मला आता खोटे वाटत नाही. अडचण ही आहे की ते एकच वाक्य होते आणि त्याआधी व नंतर तिला घर नव्हते. सिस्कोने तेच वाक्य म्हटले असते तर आपण त्यावर विश्वास ठेवला असता, कारण तो कुठल्या स्वयंपाकघरातून उठून आला ते आपल्याला ठाऊक आहे.

लास व्हेगसचा भाग काल रात्री पुन्हा पाहिला. मी कॅसिडीच्या बाजूचा आहे.

---

उलटतपासणी

मीही पाहिला, तुमच्यामुळेच. विचित्र गोष्ट अशी की मी सिस्कोच्या बाजूचा निघालो. तो शेवटी सर्वांसोबत जातो आणि गाणेही म्हणतो, तिथे लेखकांनी त्याला फार लवकर मनवले असे मला वाटले. अजून एखादा प्रसंग तरी त्याने अडून बसायला हवे होते.

---

शाल्मली

उलटतपासणी, आता बेनी रसेलचा भाग पाहा. पण रात्री उशिरा नको, नंतर झोप लागत नाही.